दाब, चार आणि छिद्रं : कोळशाच्या गॅसिफिकेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅसिफिकेशन म्हणजे कोळसा पूर्ण न जाळता त्याचा ज्वलनशील वायू करणं. त्याबद्दलचे हे प्रश्न प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुलं विचारतात, प्लांटवरचे अभियंते विचारतात, आणि कधीकधी परीक्षकही विचारतात. गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. 'दाब' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो: ज्या दाबाखाली चार (इंग्रजीतला char, म्हणजे तापवलेल्या कोळशाचा उरलेला भाग) तयार झाला तो, ज्या दाबाखाली त्याची वायूशी अभिक्रिया झाली तो, आणि त्या एकूण दाबात काम करणाऱ्या वायूचा वाटा किती तो. कोणता दाब हे आधी विचारलं, तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

'चार' म्हणजे नेमकं काय?

दगडी कोळसा हवेशिवाय तापवला की आधी ओलावा जातो, मग डांबर आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. मागे कार्बनचा सांगाडा आणि त्यात अडकलेली राख उरते. हाच चार. लाकडापासून केलेला लोणारी कोळसा ही त्याचीच भावकी. मराठीत या शब्दाची पंचाईत आहे, म्हणून या पानावर आकडा असेल तिथे ४ असं अंकातच लिहिलं आहे. अक्षरात 'चार' दिसला तर तो हाच काळा पदार्थ समजावा.

गॅसिफिकेशनमध्ये चारलाच इतकं महत्त्व का?

कारण तोच रेंगाळतो. बारीक कोळशातले उडून जाणारे घटक तापलेल्या भट्टीत क्षणार्धात निघून जातात. उरलेला चार संपायला भट्टीच्या प्रकारानुसार काही सेकंदांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. भट्टी केवढी बांधायची हे सगळ्यात संथ टप्प्यावर ठरतं.

त्याच्या मुख्य अभिक्रिया तीन. कार्बन डायऑक्साइडशी झाली की कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू मिळतात आणि दर मोलमागे सुमारे १७२ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. वाफेशी झाली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात, उष्णता लागते सुमारे १३१ किलोज्यूल. हायड्रोजनशी झाली की मिथेन मिळतो आणि सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता उलट बाहेर पडते. लागणारी उष्णता भागवण्यासाठी थोडा कोळसा ऑक्सिजनमध्ये जाळतात. तो भाग इतका वेगवान असतो की इथे त्याची चिंता करायची गरज नाही.

भट्टी दाबाखाली चालवतातच कशाला?

मुख्य कारण रसायनाचं नसून हिशोबाचं आहे. ३० बारला (१ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) तेवढ्याच वायूला साधारण तिसावा हिस्सा जागा लागते, म्हणून भट्टी लहान होते. शिवाय पुढे मिथेनॉल किंवा अमोनिया करायचा तर वायू दाबाखालीच लागतो. तयार झालेला भरमसाट वायू दाबत बसण्यापेक्षा आत जाणारा थोडासा ऑक्सिजन आधीच दाबलेला परवडतो. कोळसा तर घन असतो, त्याचं आकारमान नगण्य.

जर्मनीत लॉयना इथे १९२६ साली विंक्लरची द्रवीकृत थराची (खालून येणाऱ्या वायूच्या झोतात कोळशाचे कण उकळत्या पाण्यासारखे खळबळतात अशी) भट्टी वातावरणाच्याच दाबाला सुरू झाली. १९३६ मध्ये हिर्शफेल्डे इथे लुर्गीची दाबाखालची पहिली व्यावसायिक भट्टी आली. त्याच घराण्यातल्या भट्ट्यांवर दक्षिण आफ्रिकेतल्या सासोलने १९५५ पासून कोळशापासून इंधन काढलं. त्यांचा दाब साधारण २५ ते ३० बार. आजच्या भुकटी उडवणाऱ्या भट्ट्या ३० ते ८० बारच्या टप्प्यात चालतात. आपल्याकडे रामागुंडम आणि तालचेर इथले कोळशावरचे खत कारखाने १९८० मध्ये सुरू झाले ते वातावरणीय दाबाच्या कॉपर्स-टोत्झेक भट्ट्या घेऊन, आणि १९९९ मध्ये थांबले. थांबण्याची कारणं अनेक होती, सगळा दोष दाबावर टाकायचा नाही. पण आज त्याच तालचेरला नवा कारखाना उभा राहतोय तो दाबाखालच्या भट्टीचा, एवढं नोंदवून ठेवतो.

म्हणजे प्रेशर कुकरसारखंच ना? दाब वाढवला की लवकर शिजतं?

नाही. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते कारण दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. काम तापमान करतं, दाब फक्त ते वाढू देतो. भट्टीत तापमान आपण वेगळं ठरवतो. त्यामुळे इथे दाबाचा परिणाम बघायचा तर तापमान जागच्या जागी धरून बघावा लागतो.

दाब दुप्पट केला तर चार दुप्पट वेगाने संपेल का?

कमी दाबाला वेग वाढतो, पण दुपटीपेक्षा कमी. जास्त दाबाला जवळजवळ वाढतच नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

चारच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक कार्बन अणू अभिक्रियेला तयार नसतो. कडांवरचे, तुटलेल्या बंधांचे, काही खनिजांच्या शेजारचे अणू तेवढे तयार असतात. त्यांना सक्रिय जागा म्हणतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तिथे येतो, आपला एक ऑक्सिजन ठेवतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. मग ठेवलेला ऑक्सिजन खालच्या कार्बनला सोबत घेऊन सुटतो. हा सुटण्याचा टप्पा संथ असतो.

एसटी स्टँडवर गाडी लागलीय असं समजा. गर्दी थोडी असेल तर माणसं वाढली की भरलेल्या सीटाही वाढतात. एकदा सगळ्या सीटा भरल्या की स्टँडवर आणखी हजार माणसं आली तरी गाडीत बसणारे तेवढेच. पुढचा बसेल तो कुणी उतरलं तरच. जास्त दाबाला चारची हीच अवस्था होते. जागा भरलेल्या असतात, आणि वेग ठरतो तो उतरण्याच्या गतीवर. उतरण्याची गती दाबावर नाही, तापमानावर अवलंबून असते.

समीकरणात हे लँगम्युअर-हिन्शलवूड पद्धतीने लिहितात: वर वायूचा दाब, खाली १ अधिक त्याच दाबाचं पद. कमी दाबाला खालचं पद नगण्य, मोठ्या दाबाला वरचं आणि खालचं एकमेकांना खाऊन टाकतात. पाठ्यपुस्तकातलं 'वेग म्हणजे दाबाचा अमुक घात' हे सूत्र छोट्या पट्ट्यातच चालतं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या प्रयोगांत साधारण १० बारच्या पुढे हा घात स्थिर राहत नाही, घसरत जातो, असं दिसलं. १ बारवरचा घात घेऊन ३० बारची भट्टी आखणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची भट्टी कागदावर फार लहान निघते.

तयार झालेला वायूच अडथळा आणतो म्हणतात, ते कसं?

एसटीतच राहू. हायड्रोजन म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा. तो सक्रिय जागेवर बसतो आणि वाफेला ती मिळू देत नाही. कार्बन मोनॉक्साइडची तऱ्हा वेगळी: तो बसलेल्या ऑक्सिजनला हाताला धरून खाली उतरवतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन त्याच्यासह निघून जातो. जागा रिकामी होते, पण कार्बन तिथेच राहतो. भट्टीत दाब वाढतो तेव्हा या दोघांचेही दाब वाढतात. शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजलेला वेग खऱ्या भट्टीत दिसत नाही, तो यामुळे.

नायट्रोजन भरून एकूण दाब वाढवला तर?

रासायनिक वेगात जवळपास काहीच फरक पडत नाही. अभिक्रियेला तिच्या वायूचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) कळतो, एकूण नाही. १ बार कार्बन डायऑक्साइड एकटा असो की १९ बार नायट्रोजनच्या संगतीत असो, सक्रिय जागेवर आदळणारे रेणू तेवढेच. फरक पडलाच तर तो वायू छिद्रांत शिरण्याच्या गतीत पडतो. त्याबद्दल खाली आहे.

मग दाबाने रसायनात काहीच हाती लागत नाही?

लागतं, मिथेन. हायड्रोजनची कार्बनशी अभिक्रिया १ बारला इतकी मंद असते की ती धरायचीही गरज नाही. पण तिचा वेग हायड्रोजनच्या दाबाबरोबर जवळजवळ सरळ प्रमाणात वाढत जातो, आणि जास्त दाबाला तिचा समतोलही मिथेनकडे झुकतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ब्यूला इथे १९८४ पासून लिग्नाइटपासून कृत्रिम नैसर्गिक वायू बनवतात, तो लुर्गीच्याच भट्ट्या वापरून. मिथेनच हवा असेल तर दाब मित्र. हायड्रोजन आणि मोनॉक्साइड हवे असतील तर तोच मिथेन डोकेदुखी.

समतोलावर दाबाचा परिणाम किती मोठा?

कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचं उदाहरण घ्या. एका रेणूचे दोन होतात, म्हणून दाब त्याच्या विरोधात जातो. ७२७ अंश सेल्सिअसला समतोल वायूत १ बारला सुमारे ७१ टक्के मोनॉक्साइड असतो. त्याच तापमानाला ३० बारवर तो २१ टक्क्यांवर येतो. दाब वाढवलात तर तापमानही वाढवावं लागतं, ते याच कारणाने.

आता छिद्रांकडे येऊ. बाहेरच्या दाबाने छिद्रं चिरडली जातात का?

नाही. वायू छिद्रांच्या आतही असतो, म्हणून आतबाहेर दाब सारखाच. घट्ट झालेल्या चारला ३० बारने काही होत नाही. कोळसा मऊ असतानाची गोष्ट मात्र निराळी, ती पुढच्या उत्तरात.

चार बनताना दाब असेल तर त्याची रचना का बदलते?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच.

काही कोळसे, विशेषतः बिट्युमिनस, तापवल्यावर ४०० अंशांच्या आसपास मऊ होतात, पातळ गुळासारखे. त्याच वेळी आत वायू तयार होत असतो. फुलक्यात वाफ कोंडावी तसा तो कोंडतो, आणि कण टम्म फुगतो.

बाहेरचा दाब वाढवला की दोन गोष्टी एकदम होतात. डांबराचे जड रेणू उडून जायला अडतात आणि आतच राहतात. ते तेलाचं काम करतात, त्यामुळे कोळसा जास्त वेळ आणि जास्त पातळ राहतो. फुगा मोठा होतो. पण दाब आणखी वाढला की तोच फुग्याला बाहेरून आवरतो. म्हणून फुगण्याचा आलेख आधी चढतो आणि मग उतरतो. शिखर बहुधा ५ ते १० बारच्या आसपास असतं. कोळसा कोणता आणि किती झपाट्याने तापवला यावर ते सरकतं.

याचा माग चारमध्ये कायमचा राहतो. दाबाखाली बनलेल्या चारमध्ये पातळ भिंतींचे, आत पोकळ असे कण जास्त सापडतात. ते लवकर फुटतात, आणि त्यांची राखही बारीक होते. दुसरीकडे, आत अडकलेलं डांबर तिथेच भाजून कार्बन होतं आणि बारीक छिद्रांची तोंडं बुजवू शकतं. म्हणजे मोठी पोकळी वाढते आणि सूक्ष्म छिद्रांचं पृष्ठफळ घटू शकतं, एकाच कणात. नुसतं 'सच्छिद्रता वाढली' असं लिहून मोकळं होणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: कोणत्या मापाची छिद्रं?

अशा चारची मूळ क्रियाशीलताही बदलते का?

फारशी नाही. वेगवेगळ्या दाबांखाली बनवलेल्या चारांचा वेग ग्रॅममागे वेगळा दिसतो. तोच वेग चौरस मीटरमागे काढला की फरक बराचसा विरतो. म्हणजे दाबाने कार्बनचा स्वभाव बदलला नाही, त्याचं अंगण लहानमोठं झालं. स्वभाव बदलतं ते तापमान: जास्त वेळ जास्त तापलं की कार्बनचे थर नीट रचले जातात आणि सक्रिय जागा कमी होतात.

छिद्रं मोजतात कशी? दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत का नाहीत?

२ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म, २ ते ५० मधली मध्यम, ५० च्या वरची मोठी, अशी वाटणी सर्वमान्य आहे. मोठी छिद्रं पारा दाबून घुसवून मोजतात. लहानांसाठी वायूचं अधिशोषण (पृष्ठभागावर किती वायू चिकटतो ते मोजणं): उणे १९६ अंशांवर नायट्रोजन आणि १९३८ चं ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांचं सूत्र, किंवा ० अंशांवर कार्बन डायऑक्साइड.

गंमत अशी की इतक्या थंडीत नायट्रोजन अतिबारीक छिद्रांत शिरता शिरता गारठतो. कार्बन डायऑक्साइड ० अंशांवर चपळ असतो, तो शिरतो. त्यामुळे एकाच ताज्या चारसाठी नायट्रोजनचं पृष्ठफळ अगदी थोडं आणि कार्बन डायऑक्साइडचं त्याच्या कितीतरी पट येऊ शकतं. दोन्ही आकडे खरे. कोणत्या वायूने मोजलं हे न लिहिलेला आकडा मात्र बिनकामाचा.

चार संपत जाताना छिद्रांचं काय होतं?

वाळवी लागलेलं लाकूड आठवा. आधी बोगदे रुंद होतात, बंद होते ते उघडतात, भिंतींचं एकूण क्षेत्रफळ वाढतं. मग शेजारचे बोगदे एकमेकांत मिळतात, मधली भिंतच जाते आणि क्षेत्रफळ घसरतं. भाटिया आणि पर्लमटर यांनी १९८० मध्ये हे गणितात बसवलं. त्यांच्या रँडम पोअर मॉडेलमध्ये रचनेचा एकच आकडा असतो. तो २ पेक्षा मोठा असेल तर वेग आधी वाढून मग पडतो, नाहीतर सुरुवातीपासूनच पडतो. आणि तो कितीही मोठा असला तरी शिखर ३९.३ टक्के कार्बन संपण्याच्या पुढे जाऊ शकत नाही. तुमच्या आलेखात शिखर ६० टक्क्यांवर येत असेल तर हे मॉडेल ताणून बसवू नका. तिथे कॅल्शियम किंवा पोटॅशियमसारखं एखादं उत्प्रेरक खनिज काम करत असण्याची शक्यता जास्त.

आणि यात गॅसिफिकेशनच्या दाबाची भूमिका?

वायू सगळीकडे निर्वेध पोचत असेल तर लहानच. घड्याळाकडे न बघता किती कार्बन संपला त्यावर आलेख काढला, तर वेगवेगळ्या दाबांची पृष्ठफळं बरीचशी एकाच वाटेने जातात. दाब त्या वाटेवरून चालण्याची गती ठरवतो. वायू कोणता हे वाटेवर जास्त परिणाम करतं: कार्बन डायऑक्साइड सुरुवातीला बारीक छिद्रं उघडत जातो, वाफ त्यांना लवकर रुंद करते. पाण्याच्या फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन बनवणारे हाच फरक पोटापाण्यासाठी वापरतात.

दाब वाढल्यावर वायूला छिद्रात शिरणं अवघड होतं का?

छिद्राच्या मापावर अवलंबून. १००० अंशांवर आणि १ बारला कार्बन डायऑक्साइडचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी सरासरी २५० नॅनोमीटरच्या आसपास धावतो. यापेक्षा अरुंद छिद्रात तो भिंतीवरच आदळत जातो, आणि अशा वाटेवर दाबाने त्याची चाल मंदावत नाही. ३० बारला तेच अंतर ८ नॅनोमीटरवर येतं. म्हणजे १ बारला ज्या १०० नॅनोमीटरच्या छिद्रात भिंतीच भिंती होत्या, तिथे आता रेणूंचीच आपसात धक्काबुक्की होते. अशा छिद्रात विसरण (वायूचं पसरत आत जाणं) दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटतं.

समजा वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतोय आणि दाब १६ पट केला. अरुंद छिद्रांत वायूचा शिरकाव दुप्पट खोल होतो, रुंद छिद्रांत तोच निम्म्यावर येतो. एकाच कणात, एकाच वेळी. शिरकाव कमी झाला की कण बाहेरून झिजतो आणि आतली छिद्रं कोरी राहतात. तिथे मग 'दाबाने छिद्ररचना बदलली' असं दिसतं, आणि या वेळी ते खरंही असतं.

आपल्या कोळशाला यातलं किती लागू?

वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूर-वणीकडचा कोळसा नॉन-कोकिंग आहे. तो मऊ होऊन फारसा फुगत नाही, म्हणून फुग्याची सगळी कथा त्याला जेमतेमच लागू पडते. भारतीय औष्णिक कोळशात राख ३५ ते ४५ टक्के सर्रास असते आणि ती वितळायला खूप तापमान लागतं. राख वितळवून काढण्यापेक्षा ती कोरडीच ठेवून द्रवीकृत थरात १००० अंशांच्या आसपास काम करणं सोयीचं. भेल या सरकारी कंपनीचे दोन्ही प्रयोग, तिरुचिरापल्लीचा ६.२ मेगावॉटचा आणि हैदराबादचा रोज पाव टन मिथेनॉलचा, द्रवीकृत थराचेच. पण तापमानाला असं छत लागलं की चारचा वेग हीच मुख्य अडचण होते. १५०० अंशांच्या भट्टीत ज्या गोष्टींकडे काणाडोळा चालतो, त्या इथे मोजाव्याच लागतात. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या गॅसिफिकेशनचं सरकारी लक्ष्य आणि त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये मंजूर झालेले ८,५०० कोटी रुपये या पार्श्वभूमीवर परदेशी कोळशांचे आकडे उसने घेणं मला धोक्याचं वाटतं.

जमिनीखालच्या गॅसिफिकेशनमध्ये दाब कोण ठरवतं?

भूजल. दर १० मीटर पाण्यामागे साधारण १ बार, म्हणजे ३०० मीटर खोलीवर ३० बारच्या आसपास. पोकळीतला दाब त्याहून थोडा कमी ठेवतात, म्हणजे पाणी आत येतं आणि वायू बाहेर निसटत नाही.

प्रयोग करताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

तराजूत. दाबाखालच्या थर्मोबॅलन्समध्ये (नमुना तापवत त्याचं वजन मोजणाऱ्या तराजूत) ९०० अंशांवर कार्बन डायऑक्साइडची घनता १ बारला सुमारे ०.४५ ग्रॅम प्रति लिटर असते, ३० बारला साडेतेराच्या जवळ. मूस आणि टांगणी मिळून १ घन सेंटिमीटर जागा व्यापत असतील तर ३० बारला त्यांना साडेतेरा मिलिग्रॅमचा उचल मिळतो. नमुना घेतलेला असतो १० मिलिग्रॅम! विद्यार्थी असताना माझ्याच एका नमुन्याचं वजन शून्याच्या खाली गेलं होतं, आणि मी दोन दिवस उपकरण बिघडल्याची तक्रार करत फिरत होतो. तेव्हापासून प्रत्येक दाबाला रिकाम्या मुशीचा एक पूर्ण प्रयोग आधी करतो. दुसरी गोष्ट, नायट्रोजन काढून कार्बन डायऑक्साइड सोडला की मोठ्या दाबाच्या भांड्यात वायू पूर्ण बदलायला काही मिनिटं जातात. वेगवान चारची सुरुवातीची १० टक्के हकीकत त्यातच बुडते. म्हणून नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बदलण्याची वेळ वहीत वेगळी लिहायची, आणि तेवढा तुकडा आलेखातून वगळायचा.